बंदराच्या धुराचा ताळेबंद

मार्चअखेर आर्थिक वर्ष संपते आणि एप्रिल उजाडताच देशातील लहानमोठ्या बंदरांची विजयपत्रके वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत येऊन पोहोचतात. अमुक लाख टन माल चढला-उतरला, तमुक हजार जहाजे लागली, गतवर्षाच्या मानाने शेकडा इतकी वाढ झाली, अशी ती पत्रके असतात. पलीकडच्या किनाऱ्यावरील न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदराने २०२४-२५ या वर्षात वीस फुटी मापाची ७० लाखांहून अधिक कंटेनर-एकके हाताळली. १९८९ साली सुरू झालेल्या बंदराची ही कामगिरी लहान नव्हे, आणि तिचे कौतुक करण्यात आम्ही हात आखडता घेणार नाही. परंतु एवढा माल हलविताना किती डिझेल जळले, धक्क्याला लागलेल्या जहाजांनी किती तेल जाळले, फाटकाबाहेर तिष्ठत उभ्या असलेल्या ट्रेलरांनी किती धूर सोडला, आणि तो धूर कोणत्या वस्तीवर जाऊन बसला, याचा मात्र त्या पत्रकांत उल्लेख नसतो. जमेची बाजू ठळक टायपात आणि नावेची बाजू कोरी, अशी कीर्द एखाद्या किराणा दुकानदाराने पुढे केली तर आयकर अधिकारी तिच्याकडे पाहणारही नाही. बंदरांच्या बाबतीत मात्र अशाच कीर्दीवर आपण सारे खूश आहोत.

केंद्र सरकारने या प्रश्नाची दखलच घेतलेली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२३ च्या मे महिन्यात बंदर व नौकानयन खात्याने ‘हरित सागर’ या नावाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. (‘हरित’ हा शब्द अलीकडे इतका स्वस्त झाला आहे की, तो दिसला की आम्ही आधी चष्मा पुसून घेतो, पण ते असो.) बंदरांतील कर्बवायूचे उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी आणि २०४७ पर्यंत ७० टक्क्यांनी घटवावयाचे, असे ध्येय त्या तत्त्वांत घालून दिलेले आहे. ध्येय उत्तम आहे. मात्र त्याच्या पोटात दडलेले दोन शब्द वाचकांनी नीट पाहावेत. ही घट एकूण उत्सर्जनातील नव्हे. ती ‘दर टनामागे’ आहे.

हे दोन शब्द काय करू शकतात, ते शाळेत त्रैराशिक शिकलेला कोणीही मुलगा सांगेल. समजा, आज १०० टन माल हाताळताना १०० भाग धूर निघतो. उद्या दर टनामागचा धूर ३० टक्क्यांनी उतरला, पण माल १०० टनांवरून १६० टनांवर गेला. तर एकूण धूर झाला ११२ भाग. ध्येय साधले, समारंभ झाला, ढाल मिळाली, आणि हवा पूर्वीपेक्षा १२ टक्क्यांनी अधिक बिघडली! २०४७ चा हिशेब याहून बोलका आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईत भरलेल्या सागरी परिषदेत जे दीर्घकालीन धोरण जाहीर झाले, त्यात देशातील बंदरांची क्षमता वर्षाला १००० कोटी टनांवर, म्हणजे तेव्हाच्या सुमारे चौपट, नेण्याचा संकल्प आहे. क्षमता म्हणजे प्रत्यक्ष माल नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही माल खरोखर चौपट झाला आणि दर टनामागचे उत्सर्जन ७० टक्क्यांनी घटले, तर एकूण उत्सर्जन आजच्या सव्वापटीला जवळजवळ जाऊन भिडते. दर टनाचा आकडा निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. क्रेन किती काटकसरीने चालते, यार्डात कंटेनरची उलथापालथ किती वेळा होते, हे त्यावरून कळते आणि व्यवस्थापकाला ते कळलेच पाहिजे. पण उरण किंवा शिवडी येथे राहणारा माणूस दर टनामागे श्वास घेत नाही. त्याला एकूण धुराशी कर्तव्य आहे.

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे. धूर कोणाच्या नावे लिहावयाचा? २०२१ च्या कायद्याने आपल्या जुन्या बंदर-विश्वस्त मंडळांची ‘प्राधिकरणे’ झाली. त्याच्याही कितीतरी आधीपासून मोठ्या बंदरांनी स्वतः माल हाताळण्याऐवजी जागेच्या मालकाची भूमिका पत्करली आहे. धक्के खाजगी कंपन्या चालवितात, ट्रेलर वाहतूकदारांचे असतात, जहाजे परदेशी मालकांची आणि आगगाड्या रेल्वेच्या. प्राधिकरणाच्या स्वतःच्या नावे उरते काय? कचेरीतील दिवे, रस्त्यावरील खांब, पाण्याचे पंप आणि साहेबांच्या मोटारी. तेव्हा छपरावर सूर्यपट्ट बसवून ‘आम्ही आमची सर्व वीज निसर्गातून मिळवितो’ असे एखाद्या प्राधिकरणाने जाहीर केले, तर ते विधान अक्षरशः खरे असू शकते आणि तरीही बंदराच्या धुराविषयी त्यातून काहीही कळत नाही. घरमालकाने आपल्या दिवाणखान्यातील दिवे मोजावेत आणि चाळीतील पन्नास बिऱ्हाडांच्या चुली सोडून द्याव्यात, तशातला हा प्रकार.

या पन्नास चुलींतील सर्वांत मोठी चूल म्हणजे धक्क्याला लागलेले जहाज. पुष्कळांची अशी समजूत असते की, जहाज बांधले की त्याची यंत्रे थांबतात. मुख्य इंजिन थांबते, हे खरे. परंतु दिवे, पंप, वातानुकूलन, खलाशांचे स्वयंपाकघर आणि विशेषतः मासळी-फळांच्या शीतपेट्या, या सर्वांसाठी साहाय्यक इंजिने अहोरात्र धडधडत असतात. समजा, एका मध्यम कंटेनर-जहाजाला धक्क्यावर १००० किलोवॅट वीज लागते. चोवीस तासांत त्याने २४,००० युनिट वापरले. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या १२० कुटुंबांची ही महिन्याची वीज झाली. ती निर्माण करण्यास सुमारे ५ टन तेल जळते आणि त्यातून सुमारे १६ टन कर्बवायू बाहेर पडतो. पर्यटकांची मोठी नौका असेल तर तिला याच्या कित्येक पट वीज लागते, कारण ती म्हणजे एक तरंगते हॉटेलच. आमच्या बॅलार्ड पिअरवर अशा नौका लागतात. त्यांची रोषणाई पाहण्यास लोक हौसेने जातात. धुराड्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

आणि हे तेल कोणत्या प्रतीचे? आपल्या मोटारीचे पी.यू.सी. प्रमाणपत्र काढण्यासाठी पेट्रोल पंपावर रांगेत उभ्या राहणाऱ्या मुंबईकराने हा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात रस्त्यावरील डिझेलमध्ये दशलक्ष भागांत १० भागांपेक्षा अधिक गंधक चालत नाही. जहाजांच्या तेलातील गंधकाची जागतिक मर्यादा १ जानेवारी २०२० रोजी साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. ही फार मोठी सुधारणा होय, यात शंका नाही. पण अर्धा टक्का म्हणजे दशलक्षात ५००० भाग, अर्थात मोटारीच्या डिझेलच्या पाचशे पट! युरोपीय संघाच्या बंदरांत धक्क्यावरील जहाजाला २०१० पासून एक दशांश टक्क्याहून अधिक गंधकाचे तेल जाळता येत नाही. तेच जहाज आपल्याकडे येते तेव्हा त्याला ही अट नसते. डिझेलच्या धुराची कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या वर्गात गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ सालीच केली आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

हे सर्व मोजता येते काय? येते, आणि ते वर्षानुवर्षे मोजले जात आहे. अमेरिकेतील लॉस एंजल्स बंदराची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. २००१ साली तेथील सॅन पेड्रो आणि विल्मिंग्टन या बंदरालगतच्या वस्त्यांतील रहिवाशांनी पर्यावरणवादी संस्थांच्या साह्याने, चीनच्या एका नौका-कंपनीसाठी बांधल्या जाणाऱ्या टर्मिनलविरुद्ध दावा लावला. पर्यावरणाची पुरती छाननी न करताच त्याला मंजुरी दिली, हा त्यांचा आक्षेप होता. २००३ साली तडजोड झाली, आणि २००४ मध्ये त्याच टर्मिनलवर जहाजाची इंजिने बंद करून किनाऱ्यावरून वीज देण्याची सोय सुरू झाली. परंतु आमच्या मते त्या दाव्याचे खरे फळ वेगळेच आहे. २००५ हे आधारवर्ष धरून बंदराने दर वर्षी उत्सर्जनाची मोजदाद छापण्यास आरंभ केला. त्या मोजदादीत समुद्रगामी जहाजे, बंदरातील टग व इतर नौका, धक्क्यावरील यंत्रे, रेल्वेची इंजिने आणि मालमोटारी, असे पाचही घटक येतात. मालकी कोणाची, हा प्रश्न तेथे विचारला जात नाही. बंदराच्या कामासाठी जे जळले ते बंदराच्या खात्यावर पडते. हिशेबाची हद्दही फाटकाशी संपत नाही. जहाज कित्येक मैल दूर समुद्रात असते तेथपासून ती सुरू होते आणि मालमोटारीबरोबर शहरात शिरते.

परिणाम काय झाला, तेही सांगितले पाहिजे. कोणता धूर कोठून येतो ते कळल्यामुळे उपाय नेमके झाले. २००८ पासून जुनाट मालमोटारींना टप्प्याटप्प्याने बंदी झाली, जहाजांचे तेल शुद्ध झाले, धक्क्यांवर वीज आली. आज तेथील डिझेलच्या काजळीचे प्रमाण २००५ च्या मानाने पंचमांशाहूनही कमी आहे, आणि तेही माल वाढलेला असताना. कर्बवायूत मात्र तितकी घट साधलेली नाही, हेही तीच मोजदाद निःसंकोचपणे सांगते. २०२१ साली साथीनंतरच्या गर्दीत शेकड्याने जहाजे बाहेर नांगर टाकून उभी राहिली आणि उत्सर्जन एकदम उसळले, तेव्हा तो वाढलेला आकडाही बंदराने छापला. आम्हांला या कथेतील सर्वांत अधिक भावली ती ही गोष्ट. आपल्याकडे ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे शहाणपण मानले जाते. कारभारात ते शहाणपण चालत नाही.

यावर कोणी म्हणेल की, परदेशी जहाजाच्या पोटातले आकडे आम्ही कोठून आणावयाचे? वस्तुतः ते तयार आहेत. ५००० टनांवरील प्रत्येक जहाजाला आंतरराष्ट्रीय नियमानुसार २०१९ पासून आपल्या तेलाच्या खपाची नोंद ठेवावी लागते. युरोपात जाणाऱ्या जहाजांना तर २०१८ पासून, तेथील धक्क्यावर उभे असताना किती कर्बवायू सोडला याचाही वेगळा हिशेब द्यावा लागतो. म्हणजे न्हावा-शेव्याहून निघून रॉटरडॅमला पोहोचणारे जहाज तेथे जे निमूटपणे लिहून देते, तेच येथे लिहून द्या, एवढेच आपल्याला म्हणावयाचे आहे. जहाज कधी लागले आणि कधी सुटले याची तास-मिनिटांची नोंद बंदराकडे असतेच. यंत्राची शक्ती, त्यावरचा भार, तास आणि दर युनिटमागे निघणारा धूर यांचा गुणाकार करण्यास कोणा परदेशी तज्ज्ञाची गरज नाही. ट्रेलर फाटकात केव्हा आला आणि केव्हा गेला, तेही संगणकात उमटते. राहता राहिला उरण-पनवेल परिसरातील रस्त्यांवर त्याने रांगेत काढलेला काळ. तोच मोजणे थोडे कष्टाचे आहे, आणि तोच मोजणे अत्यंत अगत्याचे आहे, कारण न्हावा-शेव्याचे बहुसंख्य कंटेनर अद्याप रस्त्यानेच जातात-येतात.

मोजमापाचा आणखी एक उपयोग आहे. आपल्या आवडत्या उपायांची परीक्षा त्यामुळे होते. किनाऱ्यावरून जहाजाला वीज देणे, हा उपाय सध्या सर्वांच्या तोंडी आहे आणि आम्हीही त्याचे समर्थक आहोत. पण आकडे काय सांगतात ते पाहा. जहाजाच्या इंजिनातून एक युनिट वीज काढताना सुमारे ७०० ग्रॅम कर्बवायू निघतो. आपल्या देशाच्या वीजजाळ्यात कोळशाचा वाटा इतका मोठा आहे की, तेथील एका युनिटमागेही सरासरीने ७०० ग्रॅमहून थोडा अधिकच निघतो. म्हणजे नेहमीची वीज जहाजाला जोडली तर कर्बवायूच्या दृष्टीने आज नफा जवळपास शून्य. बॅलार्ड पिअरच्या आसपासची गंधक आणि काजळी मात्र खरोखर कमी होईल, आणि दाट वस्तीच्या शहराला हा लाभ थोडाथोडका नव्हे. पण तिचा काही भाग चंद्रपूरच्या धुराड्यातून बाहेर पडेल. वड्याचे तेल वांग्यावर काढण्याचाच हा प्रकार, आणि चंद्रपूरकरांनी आधीच पुष्कळ सोसले आहे. बंदराने सूर्याची व वाऱ्याची वीज स्वतंत्र कराराने विकत घेतली तरच हा उपाय दोन्ही अंगांनी खरा ठरेल. शिवाय आपली वीज ५० आवर्तनांची आणि पुष्कळशा जहाजांची ६० आवर्तनांची. त्यासाठी मध्ये परिवर्तक यंत्र बसवावे लागते आणि त्याला पैसा लागतो. मोजमाप नसेल तर यातले काहीच पुढे येत नाही. फीत कापली जाते, छायाचित्र छापून येते आणि वर्षातून किती जहाजांनी ती वीज प्रत्यक्ष घेतली, हे विचारावयाचे सर्वजण विसरतात.

शिवडीच्या हाजी बंदरावर कोळसा उतरत असे तेव्हा तेथील गृहिणींना कोणी मोजमाप शिकविण्याची गरज नव्हती. खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरविले की काळे होई. गोव्यातील वास्कोच्या रहिवाशांचीही मुरगावच्या कोळशाविषयी हीच तक्रार आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या धुळीविरुद्ध माणसे संघटित होतात, सभा घेतात, न्यायालयात जातात. डिझेलच्या सूक्ष्म कणांविरुद्ध मोर्चा निघत नाही, कारण ते बोटाला लागत नाहीत. ज्याची तक्रार करणेही नागरिकाला शक्य नाही, त्याची नोंद ठेवणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

बंदर-व्यवस्थापकांचा एक आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे. इतके आकडे मागितले तर जहाजे गुजरातच्या बंदरांकडे वळतील, असे ते म्हणतात. जहाज माल जेथे असेल तेथे जाते; एक तक्ता भरावा लागतो म्हणून कोणी कप्तान नांगर उचलीत नाही. तरीही हा आक्षेप खरा मानावयाचा, तर त्यावरचा उपाय सोपा आहे. हा नियम एका बंदरापुरता न ठेवता सरकारने तो सर्व बंदरांना, सरकारी आणि खाजगी, मोठ्या आणि लहान, सारखा लागू करावा. जगाची हवा श्रीमंत देशांनी बिघडविली, आम्ही का हिशेब द्यावा, हा दुसरा युक्तिवाद आंतरराष्ट्रीय परिषदांत अगदी रास्त आहे आणि तेथे तो ठणकावून मांडलाही पाहिजे. पण आम्ही मागतो तो हिशेब परदेशी मंडळींना द्यावयाचा नसून आमच्याच शेजाऱ्यांना द्यावयाचा आहे.

या प्रश्नाला आज पहिल्या पानावर जागा देण्याचे कारण वाढवण हे आहे. डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यावर ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव, वर्षाला २९ कोटी ८० लाख टन मालाची क्षमता, आणि २ कोटी ३२ लाख कंटेनर-एकके; म्हणजे न्हावा-शेवा आज जेवढे हाताळते त्याच्या सुमारे तिप्पट. बंदर व्हावे की न व्हावे, या वादात आज आम्ही शिरत नाही; किनाऱ्यावरील मच्छीमारांचे त्याविषयीचे म्हणणे स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे मुद्दा एवढाच की, आधारवर्ष हे एकदाच मिळते. पहिले जहाज लागण्यापूर्वी वाढवण, वरोर आणि डहाणूची हवा कशी होती, हे आज नोंदले नाही तर पुढे कोणत्याही न्यायालयाला आणि कोणत्याही समितीला ते शोधून काढता येणार नाही. भराव घालणाऱ्या नौका आणि दगड वाहणारे डंपर यांचा धूरही बांधकामाच्या वर्षांतच मोजला पाहिजे. बंदर सुरू झाल्यावर तो कोणाच्याच खात्यावर चढत नाही.

डहाणूकरांना ही मागणी नवी वाटणार नाही. त्या तालुक्याला १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश म्हणून घोषित करण्यात आले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तेथे एक प्राधिकरण नेमले गेले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी अखेरपर्यंत त्याचे अध्यक्षपद सांभाळले. तेथील ५०० मेगावॅटच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या धुरातील गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसलीच पाहिजे, असा आग्रह त्या प्राधिकरणाने वर्षानुवर्षे धरला, टाळाटाळीला दाद दिली नाही, आणि २००७ मध्ये ती यंत्रणा सुरू झाली. चिकूच्या बागांच्या त्या प्रदेशाने एका धुराड्याचा हिशेब मागून घेतला होता. आता तेथे शेकडो धुराडी ये-जा करणार आहेत, आणि २०२३ च्या जुलैमध्ये याच प्राधिकरणाने बंदराला अटींसह संमती दिली आहे. त्या अटी पाळल्या गेल्या की नाहीत, हे आकड्यांखेरीज कशावरून ठरवावयाचे?

जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण आणि महाराष्ट्र सागरी मंडळ हे वाढवणचे दोघे भागीदार आहेत. दोघांनी मिळून येत्या आर्थिक वर्षापासून न्हावा-शेवा आणि वाढवण या दोन्ही ठिकाणची मोजदाद सुरू करावी, आणि मुंबई बंदर प्राधिकरणानेही त्यांच्याबरोबर यावे. जहाजे, नौका, यंत्रे, रेल्वे आणि मालमोटारी, सर्वांची नोंद एका तक्त्यात यावी. दर टनाच्या आकड्याशेजारी एकूण आकडा छापावा. कर्बवायूबरोबर गंधक, नत्राची प्राणिदे आणि काजळी यांची वेगळी घरे असावीत. आणि तो तक्ता बंदराशी संबंध नसलेल्या लेखापरीक्षकाने तपासावा. मालाचे विजयपत्रक ज्या एप्रिल महिन्यात निघते त्याच महिन्यात हे पत्रकही निघावे. ते मराठीत असावे, आणि त्याची एक प्रत उरणच्या नगरपरिषदेत, एक शिवडीच्या पालिका कचेरीत आणि एक वाढवणच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेली असावी.